आरसी नावावर झाली, गाडीच्या ॲपचं काय?

मा. श्री. नितीन गडकरी,
केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्री

स.न.वि.वि.

माझ्या धाकट्या बहिणीने गेल्या वर्षी बोरिवलीत एक वापरलेली गाडी घेतली. फॉर्म २९, फॉर्म ३०, विमा, बँकेची एनओसी, सगळं रीतसर झालं आणि आरसी तिच्या नावावर आली. पुढे एकदा आधीच्या मालकांचा फोन आला, "ताई, गाडी रात्रभर अंधेरीत उभी दिसतेय, सगळं ठीक ना?" गृहस्थ सज्जन, काळजीपोटी विचारत होते. त्यांच्या मोबाइलमधलं ॲप अजून गाडीला जोडलेलं होतं. गाडी कुठे आहे, कधी सुरू झाली, सारं त्यांना दिसत होतं. दारंही उघडता येत होती. बहीण एकटी राहते, रात्रपाळी करते. हेच ॲप एखाद्या विकृत माणसाच्या हातात असतं तर?

कंपनीच्या हेल्पलाइनचं उत्तर होतं, जुन्या मालकांच्या नंबरवर येणारा ओटीपी सांगा, मग खातं काढू. म्हणजे मालकीण ती, पण परवानगी त्यांची!

साहेब, माझी पहिली मागणी इथेच आहे. हस्तांतराच्या अर्जात एक रकाना वाढवा. गाडीवर कर्ज असेल तर बँकेच्या लेखी संमतीशिवाय आरसी नावावर होत नाही, तसंच जुनं ॲप खातं बंद झाल्याचा कंपनीचा दाखला असल्याशिवाय हस्तांतर होऊ नये.

दुसरी गोष्ट गाडीतून कंपनीकडे जाणाऱ्या माहितीची. २०२४ च्या अखेरीस फोक्सवॅगन समूहाच्या सुमारे ८ लाख इलेक्ट्रिक गाड्यांची माहिती इंटरनेटवर उघडी पडल्याचं समोर आलं. त्यातल्या अनेक गाड्या कुठे उभ्या राहिल्या, हेही त्यात होतं. माणूस कुठल्या डॉक्टरकडे जातो, कोणाच्या घरी थांबतो, हे गाडीच्या मुक्कामांवरून सहज कळतं. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्येच सांगितलंय, २०२३ मध्ये वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदाही झाला. पण शोरूममध्ये चावी हातात देताना स्क्रीनवर "मान्य आहे" दाबून घेतात, तेव्हा काय मान्य केलं हे कोणी समजावत नाही. लोकेशन पाठवणं बंद करायचं साधं बटण प्रत्येक गाडीत सक्तीचं करा, आणि ते दाबलं म्हणून गाडीच्या बाकी सोयी काढून घेऊ नयेत.

आता भरवशाचं. मुंबईतल्या टॉवरांत गाडी दोन-तीन मजले खाली बेसमेंटला लागते, तिथे रेंज मिळेलच असं नाही. सर्व्हर बंद असो वा कंपनीच बुडो, गाडी उघडली आणि चालली पाहिजे. अमेरिकेतली फिस्कर ही इलेक्ट्रिक गाड्यांची कंपनी २०२४ मध्ये दिवाळखोरीत गेली, तेव्हा तिच्या ग्राहकांना गाडीच्या सॉफ्टवेअरचं पुढे काय, याचीच धास्ती लागली.

आणि २०१५ ची जीप चेरोकी आठवा. दोन संशोधकांनी हायवेवर धावत्या गाडीचा ॲक्सिलरेटर इंटरनेटवरून निकामी करून दाखवला, कंपनीला १४ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या. आपल्या मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने ११०अ कलम आलं, सदोष गाड्या परत बोलवायला लावण्याचा अधिकार आपल्या सरकारकडे आहे. सॉफ्टवेअरमधली अशी भगदाडं हाही दोषच, असं नियमांत स्पष्ट लिहा. एअरबॅगसाठी आपण कंपन्यांशी जाहीरपणे भांडलात. याही बाबतीत तसंच भांडा, एवढीच विनंती.

आपली नम्र,
मुलुंडची एक वाहनचालक