क्यूबिटची वेणी

महोदय,

मायक्रोसॉफ्टने फेब्रुवारी 2025 मध्ये 8 क्यूबिटची (क्यूबिट म्हणजे क्वांटम संगणकातील माहितीचे एकक) ‘मायोराना 1’ ही टोपोलॉजिकल चिप जाहीर केली, तेव्हापासून माझ्या बारावीच्या वर्गात एकच प्रश्न येतो, ‘सर, हे टोपोलॉजिकल म्हणजे नक्की काय?’

साधा क्यूबिट फार नाजूक. जरा उष्णता लागली की माहिती बिघडते, आणि एक भरवशाचा क्यूबिट उभा करायला शेकडो साधे क्यूबिट खर्ची पडतात. मोठे यंत्र अडते ते इथेच. टोपोलॉजिकल अतिवाहक (विजेला रोध न करणाऱ्या) तारेत माहिती दोन्ही टोकांना मिळून राहावी, एका टोकाच्या धक्क्याने ती पुसली जाऊ नये, अशी कल्पना आहे. या टोकांवरच्या अवस्था एकमेकींभोवती फिरवून गणित करायचे, म्हणजे जणू वेणीच घालायची; म्हणून मी फळ्यासमोर तीन रंगांच्या लोकरीची वेणी घालून दाखवली. पेड कोणत्या क्रमाने ओलांडले यातच सारे गणित. धागा थोडा हलला तरी वेणी तीच राहते. मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली, ‘हे तर मी रोज सकाळी करते!’

पण मुलांना दुसरी बाजूही कळायला हवी. ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकातला याच विषयावरचा 2018 चा गाजलेला शोधनिबंध 2021 मध्ये मागे घ्यावा लागला. मायक्रोसॉफ्टच्या 2025 च्या ‘नेचर’मधल्या निबंधासोबतही, हा मायोराना अवस्थेचा (तारेच्या टोकांवरच्या त्या अवस्थेचा) पुरावा नव्हे, अशी संपादकीय टीप आहे. बातम्यांत हे फारसे येत नाही.

केंद्र सरकारच्या राष्ट्रीय क्वांटम मिशनला 2023 मध्ये 6003.65 कोटी रुपये मंजूर झाले. आपल्या रामन विज्ञान केंद्रात या विषयावर मराठीतून व्याख्याने व्हावीत, ही कळकळीची विनंती. माझा अख्खा वर्ग घेऊन मी येईन.

– एक भौतिकशास्त्र शिक्षक, नागपूर