उच्चार तपासणाऱ्या ॲपला सीमाभागातली मुलं ऐकवा

मा. संपादक,

खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेत मी कन्नड शिकवते. कर्नाटकच्या 2015च्या कायद्यानंतर इथल्या प्रत्येक मुलाला कन्नड शिकावंच लागतं, आणि ते नीट यावं असं मलाही मनापासून वाटतं. हल्ली पालक उच्चार तपासणारं ॲप मोबाईलवर घेतात. माझ्या वर्गातली एक मुलगी रडवेली होऊन म्हणाली, "बाई, चुकलं म्हणतंय, पण काय चुकलं ते सांगतच नाही."

आमच्या मुलांचं काय चुकतं, हे कोणतीही कन्नडची बाई सांगेल. ळ आणि ण त्यांच्या जिभेवर आधीपासूनच असतात. अडतं ते ए आणि ओपाशी. कन्नडमध्ये हे स्वर ऱ्हस्वही आहेत आणि दीर्घही. मराठीत तो भेद नाही. 'कोडु'तला ओ ऱ्हस्व असेल तर अर्थ 'दे', दीर्घ असेल तर 'शिंग'. मुलं दोन्ही सारखेच म्हणतात.

यंत्राचीही अडचण नेमकी इथेच आहे. अपेक्षित ध्वनी आणि प्रत्यक्ष ऐकू आलेला ध्वनी किती जुळतात, याचे ते गुण काढतं. ठरलेल्या मर्यादेखाली गेलं की चूक. सिल्के विट आणि स्टीव्ह यंग या संशोधकांनी 2000 साली मांडलेली ही पद्धत अजून वापरात आहे. पण स्वराची लांबी बोलण्याच्या वेगाप्रमाणे बदलते. ती शेजारच्या स्वरांशी ताडून पाहिली नाही, तर सावकाश वाचणाऱ्या मुलाचा ऱ्हस्व ओसुद्धा दीर्घ ठरतो. त्यात मोठ्या माणसांच्या आवाजांवर तयार झालेलं यंत्र लहान मुलांच्या बारीक आवाजाला आणखी गोंधळतं. आणि नुसता मराठी हेल आला, अर्थ बदलला नाही, तर त्याला चूक का म्हणायचं?

चिनी मातृभाषेच्या 250 जणांची 5000 इंग्रजी वाक्यं अशा कामासाठी सर्वांना मोफत खुली आहेत. त्यांतली निम्मी माणसं लहान मुलं आहेत आणि प्रत्येक वाक्य पाच तज्ज्ञांनी तपासलेलं आहे. खानापूर, निपाणीच्या मुलांचं कन्नड वाचन तसंच का जमवू नये? विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचं मुख्यालय बेळगावातच आहे. तिथल्या विद्यार्थ्यांनी पालकांची संमती घेऊन हे काम प्रकल्प म्हणून हाती घ्यावं. तपासायला कन्नड आणि मराठी दोन्ही घरांतले शिक्षक हवेत. शाळा सुटल्यावर त्यासाठी रोज बसायची माझी तयारी आहे.

– एक कन्नड शिक्षिका, खानापूर