टाळू

प्रिय सई,

कपाटातली तुझ्या तपासण्यांची निळी फाइल काल तू उघडीच टाकून गेलीस. म्हणजे वाचलीस. मग त्यात नाही ते मी सांगते.

तू चार महिन्यांची होतीस. न्हाऊ घालायच्या आधी आजी टाळूवर तेल जिरवायची. एक दिवस बोट तसंच ठेवून म्हणाली, "अगं, हिची टाळू हाताला लागतच नाही. आणि हा वरंबा कसला?" या कानापासून त्या कानापर्यंत, खरंच. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी "काही नाही, डोळे आईवर गेलेत" म्हणून परत पाठवलं. बिल्डिंगमध्ये तर टपोऱ्या डोळ्यांचं कोण कौतुक! मीही काजळ घालून मिरवायची. डोळे मोठे नव्हतेच, खोबणी उथळ होत्या. हे परळला गेल्यावर कळलं.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी डोक्याआधी तुझी मूठ उघडली. एकेक बोट सुटं करून पाहिलं, मग पायांची. जुळलेली असती तर अॅपर्ट सिंड्रोम, कवटीचे सांधे लवकर मिटण्याचाच एक जन्मजात आजार. नव्हती, म्हणून संशय त्याच्याच जातीच्या क्रुझाँ सिंड्रोमवर गेला. पुढे सीटी आणि रक्ताने तेच सांगितलं. पहिल्या वर्षात मेंदू जवळजवळ दुप्पट होतो, त्याला जागा द्यायला कवटीचे सांधे उघडे लागतात. तुझे आधीच मिटले होते. नवव्या महिन्यात ऑपरेशन झालं. तो व्रण तू रोज विंचरतेस.

घरात खटला वेगळाच चालू होता. तू पोटात असताना ग्रहणात मी भोपळा चिरला होता ना! पण जेनेटिक्सवाल्या डॉक्टरांनी सांगितलं, एफजीएफआर२ या जनुकातला बदल आम्हा दोघांतही नाही, तुझ्यात नव्यानेच झालाय. असे बदल बहुतेक बापाकडून येतात, वय वाढलेलं असेल तर जास्त. बाबा तेव्हा ४१ चे. परतताना लोकलमध्ये गप्प बसले होते. घाटकोपर गेल्यावर म्हणाले, "म्हणजे भोपळा निर्दोष सुटला." मला हसू आवरेना, आणि ते मात्र खिडकीबाहेर बघत राहिले.

शेवटच्या पानाचा कोपरा तू दुमडलायस. हो, ते खरं आहे. तुझ्या प्रत्येक बाळात हे उतरण्याची शक्यता निम्मी. क्रुझाँ या फ्रेंच डॉक्टरने १९१२ मध्ये हा आजार नोंदवला तोही एका आईत आणि तिच्या मुलात. ते पान तू मोठी झालीस की दाखवू, असं म्हणत मी दरवर्षी फाइल वरच्या कप्प्यात सरकवत गेले. चुकलंच माझं.

शुक्रवारी रजा टाकलीय. जेनेटिक्सच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय साडेअकराची. मी बरोबर आत यायचं की बाहेर बाकावर बसायचं, ते तू सांग.

तुझी,
आई