गुलाबाच्या छाटणीची आठवण

मंडळी, पाऊस आता गेलाय, ऑक्टोबर अर्धा संपत आला तरी बऱ्याच जणांच्या गच्चीवरची गुलाबं अजून तशीच वाढलेली आहेत, तर प्लीज या रविवारी छाटणी उरकून घ्या, कारण छाटणीनंतर साधारण ४५ ते ५० दिवसांनी फुलं येतात, म्हणजे आता केलीत तर डिसेंबरच्या थंडीत मस्त बहर मिळेल.

कात्री धारदार हवी, आधी स्पिरिटने पुसा. बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या (फांदीवरचा कोंब फुटायचा फुगीर ठिपका) वर पाव इंचावर तिरका काप द्या, आणि जाड फांदीच्या कापाला मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि चुन्याची पेस्ट लावा नाहीतर फांदी वरून काळी पडत खाली वाळत येते, माझा एक जुना लाल गुलाब असाच गेला, फार वाईट वाटलं. कलमाच्या जोडाच्या खालून आलेला जंगली फुटवा मात्र मुळापासून काढा.

गावठी गुलाबाला हात हलका ठेवा हं, गुलकंदाला त्याच्याच पाकळ्या लागतात, कलमी गुलाबाला तो वासच नाही. ज्यांच्याकडे कात्री नाही त्यांनी ग्रुपवर सांगा, माझ्याकडे दोन आहेत.