माणसं का सोडून जातात: मित्राला पत्र

प्रिय मित्रा,

पगार वाढवूनही वृद्धाश्रमातली माणसं टिकत नाहीत, असं तू लिहिलंस. पगार वाढवलास हे फार चांगलं केलंस, तो कमीच असतो. पण सोडायचा विचार करणाऱ्यांच्या मनात बहुतेकदा वेगळंच सलत असतं: काम नीट कसं करायचं ते येतं, पण तसं करू दिलं जात नाही.

सकाळची पाळीच बघ. एका सेविकेकडे ८ जण आणि नाश्त्याआधी २ तास, म्हणजे माणशी १५ मिनिटं. ज्यांना स्वतः उभं राहता येत नाही, त्यांना संडासला नेणं, अंग पुसणं, कवळी धुऊन बसवणं, कपडे घालून खुर्चीत बसवणं, याला सहज अर्धा तास लागतो. मग काटछाट कुठे होते? ज्या आजोबांना बटणं लावता येतात, त्यांचीही तीच लावून टाकते. हळूहळू त्यांची ती सवय मोडते आणि मदत आणखीच जास्त लागते. स्मृतिभ्रंश झालेल्या आजींच्या अंगावर न सांगता पाणी ओतलं, की त्या घाबरून ओरबाडतात. वहीत नोंद होते, 'आजी मारतात'. घाईची नोंद कुठेच होत नाही. त्यावर वरिष्ठ म्हणाले की 'मार खाणं या कामात आलंच', तर ती बाई दुसरीकडे काम शोधायला लागते, आणि मला त्यात तिची काहीच चूक दिसत नाही.

भरवण्याचंही तसंच. गिळायला त्रास होत असेल तर ताठ बसवायचं, चमचा अर्धाच भरायचा, घास उतरल्याशिवाय पुढचा द्यायचा नाही आणि जेवणानंतर अर्धा तास आडवं करायचं नाही. घाई झाली तर अन्न श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. हे तिला ठाऊक असतं, तरी चार ताटं वाट बघत असतात. ही टोचणी ती घरी घेऊन जाते.

पाठदुखी तर ठरलेलीच. अमेरिकेतले संशोधक थॉमस वॉटर्स यांनी २००७ मध्ये रुग्णाला हाताने उचलण्याची मर्यादा ३५ पौंड, म्हणजे सुमारे १६ किलो सुचवली, तीही परिस्थिती अनुकूल असेल तर. साठ किलोंच्या माणसाचा नुसता एक पाय नऊ-दहा किलो भरतो. उचलण्याचं यंत्र असतं, पण त्याची झोळी धुवायला गेलेली, बॅटरी उतरलेली किंवा दुसरं माणूस मोकळं नसलेलं. मग काखेत हात घालून ओढलं जातं, त्यात आजोबांचा खांदा दुखावतो आणि तिची कंबर.

कुणी गेलं की दुसऱ्या दिवशी त्या खाटेवर नवीन माणूस येतं. दहा मिनिटं बसून त्या गेलेल्या माणसाबद्दल बोलायलाही जागा ठेव.

पाळी बदलताना १५ मिनिटं दोन्ही पाळ्या एकत्र असू देत, आणि त्या वेळेचा पगार दे. रात्री कोण पडलं, कुणाला जुलाब झाले, हे कळल्याशिवाय सकाळची सुरुवातच चुकते. प्रत्येकाच्या मापाची झोळी ठरवून घे, एक जादा ठेव. सुट्ट्यांचा तक्ता महिनाभर आधी लाव आणि आदल्या रात्री फोन करून बदलू नकोस.

रात्रपाळीचा तक्ता मला पाठव. कितीजणांची कूस दर २ तासांनी बदलावी लागते आणि हात किती, तेही लिही. दोघींनी मिळून एकेकाला १० मिनिटं धरली, तर १२ जणांतच २ तास संपतात आणि लगेच पहिल्या खाटेची वेळ होते.

तुझा मित्र