रेडियम जाकीट फाटण्याची वाट पाहू नका

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पावसाळा तोंडावर आहे. राष्ट्रीय महामार्ग ४८ वर निपाणी, संकेश्वर, हत्तरगी, काकती या टप्प्यात, खानापूर-लोंढा मार्गावर आणि रेल्वेरुळांच्या कडेला पावसातही कामे चालू राहतील. बेळगाव शहरातले सफाई कामगार तर बारमाही अंधारातच बाहेर पडतात. त्यांच्या अंगावर जाकीट असते, पण ते रात्री चमकते का, हे सहसा कोणी पाहत नाही. फाटले नाही म्हणजे चालते, असाच हिशेब बहुतेक ठिकाणी आहे आणि तो घातक आहे.

जाकिटाच्या कापडाचे काम वेगळे आणि पट्टीचे वेगळे. पिवळे किंवा केशरी फ्लुरोसंट कापड उन्हातले अतिनील किरण शोषून दृश्य प्रकाश बाहेर टाकते. त्यामुळे ते ढगाळ दिवशी, धुक्यात आणि तिन्हीसांजेला उठून दिसते. रात्री अतिनील किरणच नसतात, म्हणून त्या वेळी सारा भार करड्या पट्टीवर येतो. पट्टीत बारीक काचेचे मणी असतात आणि त्यांच्या मागे ॲल्युमिनियमचा पातळ थर. गाडीचा झोत त्यांच्यावरून उलटून चालकाच्या डोळ्यांकडे परत जातो. कापड उन्हाने मरते, पट्टी घासल्याने आणि सोड्याने. दोन्ही एकाच वेळी मरतील असे नाही, म्हणून तपासणीही वेगवेगळी करावी लागते.

रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या मानकानुसार ताशी ८० किलोमीटर वेगाच्या गाडीला सुरक्षित थांबायला १२० मीटर अंतर धरतात, १०० च्या वेगाला १८० मीटर. डिपरवर, म्हणजे दिव्यांचा झोत खाली ठेवून चाललेल्या चालकाला गडद कपड्यांतला माणूस ५०-६० मीटरच्या आत आल्यावरच दिसतो. मधले अंतर भरून काढायला कामगाराच्या अंगावर ती पट्टीच काय ती असते.

तपासणीला प्रयोगशाळा लागत नाही. दर खरेदीतले एक कोरे जाकीट काळ्या पिशवीत घालून कपाटात ठेवावे आणि नमुना म्हणून जपावे. महिन्यातून एकदा, धुऊन वाळवलेली जाकिटे अंधाऱ्या शेडमध्ये या नमुन्याशेजारी टांगावीत. १५ पावले मागे जाऊन टॉर्च गालाशी, डोळ्याच्या अगदी बाजूला धरून झोत टाकावा. टॉर्च कमरेपाशी धरला तर नवे जाकीटही मंद दिसते, कारण प्रकाश जिथून आला तिथेच परततो. नमुना पांढरा लखलखतो आणि शेजारचे करडे, ठिपक्याठिपक्यांचे दिसते, तर ते जाकीट बाद. मोबाइलचा फ्लॅश लावून दोन्हींचा एकाच चौकटीत फोटो काढला तरी फरक कळतो, शिवाय नोंदही राहते. कापडाची परीक्षा दिवसा, सावलीत. नमुन्याच्या शेजारी धरल्यावर पिवळा पांढरट किंवा केशरी विटका दिसला, की ते बदलायचे. खांदे आणि पाठ आधी पाहावी, ऊन तिथेच बसते.

ही परीक्षा धुतल्यानंतरच घ्यावी. मळ निघतो, विटलेला रंग परत येत नाही. खानापूर भागातली तांबडी माती, डांबर, ग्रीस यांचे डाग धुऊनही राहिले आणि कापड झाकले गेले, तर फाटलेले नसले तरी ते जाकीट निकामी समजावे.

रोजची तपासणी मुकादमाने पाळी सुरू होताना करावी. एका माणसामागे अर्धे मिनिटही लागत नाही. चेन किंवा वेल्क्रो बंद होते का? पट्टी कुठे उसवली, चिरली, सोलली आहे का? सेफ्टी बेल्टने किंवा खांद्यावरच्या पिशवीने पट्टी झाकली आहे का? समोरून उघडे टाकलेले जाकीट पुढच्या बाजूने जवळजवळ नसल्यातच जमा. पावसात सर्रास घडणारी चूक म्हणजे जाकिटावरून साधा निळा किंवा काळा रेनकोट चढवणे. जाकीट रेनकोटावरून घालावे, नाहीतर रेनकोटच पट्टीचा द्यावा. उघड्या मण्यांच्या पट्टीवर पाण्याचा थर साचला की तिची चमक बरीच उतरते. जांबोटी, कणकुंबीकडच्या पावसात काम करणाऱ्यांसाठी पाण्यातही चमकणारी प्रिझमची पट्टी घेतलेली बरी.

सर्वाधिक नासाडी धुण्यात होते. दगडावर आपटणे, ब्रशने घासणे, धुण्याचा सोडा, ब्लीच, पीळ, कडक ऊन. ब्रशने मणी निखळतात, सोडा ॲल्युमिनियम खातो आणि पट्टी काळवंडते. ओला सिमेंटही क्षारधर्मी असतो, त्यामुळे पट्टीवर उडालेले काँक्रीट लगेच पाण्याने धुवावे, वाळल्यावर खरवडू नये. सौम्य साबण, लेबलवर दिलेल्या मर्यादेतले पाणी, हाताने हलके चोळणे, उलटे करून सावलीत वाळवणे आणि पट्टीवर इस्त्री न फिरवणे, एवढेच पाळायचे आहे. लेबल बहुधा इंग्रजीत असते. या सूचना मराठी आणि कन्नडमध्ये लिहून नळापाशी लावाव्यात.

त्याच लेबलवर किती धुण्यांपर्यंत जाकीट चालते, तो आकडा असतो. २५ असेल आणि आठवड्याला एकदा धुतले, तर जाकीट सहा महिन्यांच्या आत संपते. रोज उन्हात वापरलेल्या जाकिटाचे आयुष्य साधारण तेवढेच धरले जाते. गोदामात क्वचित लागणारे जास्त टिकेल. आतल्या बाजूला न पुसणाऱ्या पेनाने वाटपाची तारीख लिहावी आणि प्रत्येक धुण्याला एक रेघ ओढावी. वही हरवते, जाकिटावरची रेघ राहते. धुण्यांचा आकडा संपला किंवा टॉर्चच्या परीक्षेत नापास झाले, यांतले जे आधी घडेल तेव्हा बदलायचे. वर्षातून दोनदा सर्व जाकिटे एकत्र तपासावीत, मे अखेरीस पावसाआधी आणि सप्टेंबर अखेरीस. ऊसतोड सुरू झाली की ट्रॉल्यांच्या रांगा रात्री रस्त्यावर येतात. त्यामुळे साखर कारखान्यांनी बॉयलर अग्निप्रदीपनाआधी, म्हणजे हंगामाचा बॉयलर पेटवण्याआधी, यार्डातल्या आणि वजनकाट्यावरच्या माणसांची जाकिटे बदललेली असावीत.

मूळ माल हलका असेल तर तपासणीने काही साधत नाही. बाजारात एक इंच पट्टीची जाळीदार जाकिटे ढिगाने मिळतात. भारतीय मानक आयएस १५८०९ आणि आंतरराष्ट्रीय आयएसओ २०४७१ अशी मानके आहेत, त्यांचा उल्लेख लेबलवर पाहावा. आयएसओप्रमाणे पट्टी किमान ५० मिलिमीटर रुंद असते. त्यात कपड्यांचे वर्ग आहेत, वर्ग जितका वरचा तितका माणूस जास्त उठून दिसतो. वर्ग २ ला ०.५० चौरस मीटर फ्लुरोसंट कापड आणि ०.१३ चौरस मीटर पट्टी लागते, वर्ग ३ ला ०.८० आणि ०.२०. वर्ग ३ नुसत्या बिनबाह्यांच्या जाकिटाने पूर्ण होत नाही, पट्टीच्या बाह्या किंवा पट्टीची पूर्ण पॅंट लागते. वेगवान महामार्गावर रात्री हाच वर्ग हवा. शिंप्याकडून जाकीट आखूड करून घेणे, साध्या कापडाचे ठिगळ लावणे किंवा पाठभर कंपनीचे नाव छापणे, याने हे क्षेत्रफळ घटते.

उद्यमबागेतल्या फाउंड्रीवाल्यांनी एक वेगळी खबरदारी घ्यावी. पॉलिएस्टरचे जाकीट वितळून अंगाला चिकटते. ओतकामापाशी ते अजिबात नको, तिथे ज्वालारोधक कापडाचेच द्यावे. लेथ आणि फिरत्या शाफ्टजवळ सैल जाकीट ओढले जाते, तिथे झटक्यासरशी सुटणारे वेल्क्रोचे घ्यावे.

२०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत सफाई कामगारांना गणवेश, हातमोजे, रेनकोट, मास्क यांच्यासोबत फ्लुरोसंट जाकीट देण्याची जबाबदारी स्पष्ट लिहिली होती. नुसते वाटप नव्हे, कामगार ते वापरतात हे पाहणेही त्यात आले होते. महापालिका, सार्वजनिक बांधकाम खाते आणि साखर कारखान्यांनी आपल्या निविदांत पुढील अटी घालाव्यात, अशी विनंती: माणशी दोन जाकिटे, म्हणजे एक धुण्यात असताना दुसरे अंगावर राहील. सहा महिन्यांनी किंवा त्याआधी बदल, आणि त्याचा खर्च ठेकेदाराच्या दरात धरलेला, मजुरीतून कापलेला नव्हे. बिलासोबत लेबलचा फोटो आणि मासिक टॉर्च-तपासणीची नोंद. बाद जाकिटांच्या पट्ट्या पर्यवेक्षकासमोर कात्रीने कापूनच ती टाकावीत, नाहीतर गोदामातून तीच पुन्हा नव्या टोळीला वाटली जातात.

आपला,
औद्योगिक सुरक्षा पर्यवेक्षक, उद्यमबाग, बेळगाव