आप्पा, लाखाचे टायर

डेन्व्हर,
नोव्हेंबर, रविवार दुपार

ती. आप्पांस,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर टायरची किंमत सांगितली आणि तुमचा आवाजच बंद झाला. मला वाटलं राजूरचं नेटवर्क गेलं. मग आई म्हणाली, "अरे, ते बसलेत खाली, लाख ऐकून." चार टायर, बसवणावळ आणि कर धरून साडेअकराशे डॉलर झाले, म्हणजे लाखाच्या आसपासच. तुमची जुनी कमांडर जीप याहून कमी पैशात दारात आली होती, ते मला पाठ आहे, आईनं पुन्हा सांगायची गरज नव्हती.

त्यानंतर तुम्ही एकच विचारलंत, "मग दहा प्लाय तरी घेतलेस ना?" नाही घेतले, आप्पा. ते जड ओझ्याचे कडक टायर मुद्दाम नाही घेतले. फोनवर कबूल केलं असतं तर अर्धा तास वाद झाला असता आणि माझी बाजू मांडायच्या आत तुमची जेवायची वेळ झाली असती. म्हणून लिहितोय.

आधी जुने टायर कसे गेले ते सांगतो. सप्टेंबरच्या शेवटी इथे डोंगरावरची ॲस्पेनची झाडं हळदीसारखी पिवळी होतात. ती बघायला आम्ही तिघं, सुजाता, मनू आणि मी, सेंट एल्मोला गेलो होतो. सोन्याचांदीच्या खाणींचं गाव, खाणी बंद पडल्या तशी माणसं निघून गेली, लाकडी घरं तेवढी उभी आहेत. तिथून टिनकप खिंडीकडे कच्चा रस्ता चढतो. खिंड 12,154 फुटांवर, म्हणजे 3,700 मीटर. दोन कळसूबाया एकीवर एक ठेवल्या तरी चारशे मीटर कमी पडतील. (आम्ही राहतो ते डेन्व्हरच 1,609 मीटरवर आहे. म्हणजे मी रोज जवळजवळ कळसूबाईच्या शेंड्यावरून कामाला जातो. बापूला सांगा, पटणार नाही त्याला.)

खिंडीपर्यंत पोचलोच नाही. गोटे मावळतीच्या उन्हात दिसत नव्हते आणि मी, तुम्ही असतात तर शिव्या घातल्या असत्या, तिसऱ्या गिअरच्या वेगानं चाललो होतो. मागचं उजवं चाक एका धारदार दगडाला घासलं. स्फोट वगैरे काही नाही, नुसता लांब फुस्स. उतरून बघतो तर टायरच्या बाजूला दोन बोटं लांब चीर आणि आतले दोरे बाहेर. तुम्ही आतून गेटर, म्हणजे जुन्या टायरचा तुकडा, मारून राजूर गाठलं असतंत. इथे साइडवॉल फाटली की कुणी हात लावत नाही. बुडाला खिळा लागला तर पंक्चर काढतात, बाजू गेली की टायर गेला.

स्टेपनी माझ्या पिकअपच्या पोटाखाली तारेला लटकवलेली असते. मागच्या बंपरला एक भोक असतं, त्यातून लांब सळई आत घालायची, ती आतल्या चाकात बसली की गोल फिरवत राहायचं, मग स्टेपनी हळूहळू जमिनीवर उतरते. सळई नेमकी बसायलाच मला दहा मिनिटं लागली. मनू टॉर्च धरून "बाबा, डावीकडे, डावीकडे" करत होती. खाली आली तेव्हा बघितलं, हवा पस्तीसच्या जागी चोवीस. बाजूवरचे चार आकडे 2215. म्हणजे 2015 सालच्या बाविसाव्या आठवड्यात बनलेली. एकदाही रस्त्याला न लागलेली, नक्षी नवी कोरी, पण खाचांच्या तळाशी रबराला बारीक भेगा. त्या चाकावर चाळीसच्या वेगानं घरी आलो.

उरलेले तीन टायर तरी का टाकलेस, हा तुमचा दुसरा प्रश्न असणार. त्याचं उत्तर नाण्यात आहे. इथे एक सेंटचं नाणं लिंकनचं डोकं खाली करून टायरच्या खाचेत धरतात. डोक्याचा वरचा भाग दिसायला लागला की टायर संपला. म्हणजे 1.6 मिलीमीटर, आपल्याकडे कायद्याला चालतं तेवढंच. माझ्या टायरांत लिंकन केसापर्यंत बुडत होता. आपल्याकडे अजून एक पावसाळा काढला असता. पण इथल्या डोंगरातल्या आय-70 हायवेला, मॉरिसनपासून डॉटसेरोपर्यंत, 1 सप्टेंबर ते 31 मे वेगळा नियम असतो. फोर व्हील ड्राइव्ह गाडीलाही निदान तीन षोडशांश इंच, म्हणजे पावणेपाच मिलीमीटर नक्षी लागते. नसली आणि पकडलं तर शंभराच्या वर डॉलर दंड, आणि घसरून रस्ता अडवला तर साडेसहाशेच्या वर. लाखाचं गणित इथून सुरू होतं.

दुकानात मुलगा गोड होता. त्यानं पहिल्यांदा नेलं ते थेट मड-टेरेन, म्हणजे चिखलासाठीच्या टायरपुढे. आप्पा, काय टायर! नक्षीच्या दोन बटणांमध्ये अख्खी सुपारी बसेल एवढी खाच. गाडी नुसती उभी असली तरी रुबाब. दोन मिनिटं मी खरंच पाघळलो होतो. रतनवाडीच्या जुलैतल्या चिखलात तेच लागले असते, कारण खाच जितकी मोठी तितका चिखल फेकला जातो, नाहीतर टायर लाडूसारखा लिंपून गोटा होतो. पण इथे चिखल फार नाही. इथे कोरडी खडी असते आणि बर्फ असतो. बर्फाला मोठं बटण नको असतं, बारीक बारीक चिरा लागतात, त्या चिरांच्या कडा बर्फाला धरतात. शिवाय मड-टेरेन हायवेवर दिवसभर गुणगुणतात. माझ्या शंभर किलोमीटरातले पंच्याण्णव डांबरावर जातात. उरलेल्या पाचासाठी डोकं कुणी पिकवून घ्यायचं?

म्हणून मधला मार्ग, ऑल-टेरेन, सगळ्या रस्त्यांना चालणारे. इथपर्यंत तुम्ही हो म्हणाल.

मग तो म्हणाला, "सर, ई लोड रेंज घ्या, दहा प्लाय." तुमची आठवण तिथेच झाली. माझ्या टायरचा आकडा 275/65आर18, म्हणजे रुंदी 275 मिलीमीटर, बाजूची उंची तिच्या 65 टक्के, रिम 18 इंची. याच मापात दोन जाती मिळतात. साध्या जातीवर 116 लिहिलेलं असतं, म्हणजे एक टायर 1,250 किलो पेलतो. दहा प्लायवर 123, म्हणजे 1,550 किलो. आणि एक गंमत, त्यात आता दहा थर नसतातच. कापसाचा दोरा होता तेव्हाची ती मोजणी, नाव तेवढं राहिलंय, ताकद त्या हिशेबाची धरायची.

माझी गाडी माणसं-सामानासकट तीन-सव्वातीन टन. साधे चार टायर पाच टन पेलतात. दहा प्लायचा एकेक टायर चार-पाच किलोनं जड, तेल जास्त खाणार, आणि तो कडक असतो. कडक टायर रिकाम्या गाडीखाली काय करतो ते तुम्हीच मला शिकवलंय. कमांडर रिकामी असली की शेंडीच्या रस्त्याला उड्या मारायची आणि बारा माणसं बसली की शहाण्यासारखी चालायची. रिकामं परत येताना तुम्ही मागे वाळूचं पोतं टाकायचात. मी सातवीत असताना विचारलं होतं का, तर म्हणालात, "चाकाला जमीन कळली पाहिजे." माझी पिकअप वर्षातले तीनशे दिवस रिकामीच असते. मग तिला दहा प्लाय घालून वर पोतं टाकायचं, की मुळात मऊ टायर घ्यायचा?

दहा प्लायची बाजू जाड असते, सेंट एल्मोचा दगड तिनं कदाचित झेलला असता. हे मला ठाऊक आहे आणि सुजाता रोज एकदा ऐकवते. पण चूक माझ्या पायाची होती, टायरची नव्हती. आता छोटा कंप्रेसर घेतलाय. खडकाळ रस्ता लागला की हवा पस्तीसवरून बावीसवर आणतो, टायर पसरून दगडाला धरतो, आणि चालायचं बैलगाडीच्या चालीनं. परत डांबराला लागताना हवा भरायची, दहा मिनिटांचं काम.

शेवटी फाल्कनचे वाइल्डपीक घेतले. व्रेडेस्टाइनचे बघायचे होते, ती डच कंपनी 2009 पासून आपल्या अपोलोची आहे, म्हटलं आप्पांना बरं वाटेल. पण त्या दुकानात माझं माप नव्हतं. एका गोष्टीवर मात्र अडून बसलो होतो, टायरच्या बाजूला तीन शिखरांच्या डोंगरात बर्फाची चांदणी कोरलेली हवी. नुसतं एम अँड एस (मड अँड स्नो, चिखल आणि बर्फ) लिहिलेलं असतं ते खाचा किती आहेत एवढ्यावर लिहितात. ही चांदणी मात्र टायर खऱ्या बर्फात चालवून, ओढ मोजून मिळते.

पण ओढच, थांबणं नाही. हे मला गेल्या शनिवारी कळलं. फ्रिस्कोला जाताना ताज्या बर्फात गाडी अशी चढली की मी स्वतःवरच खूश. हायवे सोडून खाली उतरलो, पुढे लाल सिग्नल, रस्ता काचेसारखा गोठलेला. ब्रेक दाबला तर पायाखाली नुसती खडखड, आणि गाडी सावकाश, अगदी सभ्यपणे, पांढरी रेघ ओलांडून अर्धी गाडी पुढे जाऊन थांबली. समोर कुणी नव्हतं म्हणून वाचलो. मागून मनू म्हणाली, "बाबा, लाखाचे ना?"

आता तुमच्याकडचं एक काम. बापूच्या पिकअपची स्टेपनी खाली काढायला सांगा. बाजूवर लंबगोलात चार आकडे असतील, मातीनं भरलेले असतील, ओल्या फडक्यानं पुसा आणि फोटो पाठवा. शेवटचे दोन आकडे 20 च्या खाली निघाले तर त्या स्टेपनीवर विसंबून टोमॅटोचे क्रेट घेऊन नारायणगावला जायचं नाही. पैसे मी पाठवतो. आणि त्याला मात्र दहा प्लायच घ्या, त्याची गाडी कधी रिकामी नसते.

आईला सांगा, लसणाची चटणी पोचली, डबा फुटला नव्हता.

तुमचा,
रवी